फ्रान्स आणि जर्मनी यांचे वैर मिटले, म्हणजे नेमके काय झाले?

जगात कुठेही दोन देशांमधील लढाई थांबण्याची चिन्हे दिसू लागली, की वृत्तवाहिन्यांवरील चर्चेत एक वाक्य हमखास ऐकू येते : 'फ्रान्स आणि जर्मनी मित्र होऊ शकतात, तर हे का नाही?' त्यावर दुसरा कोणीतरी 'तिकडची गोष्ट वेगळी' असे म्हणतो आणि चर्चा पुढे सरकते. ती गोष्ट नेमकी काय होती, आणि वेगळी असली तर कशात, हे सांगायचे राहूनच जाते. शाळेच्या इतिहासातही दुसरे महायुद्ध 1945 मध्ये संपते आणि पान उलटले की युरोपीय संघ स्थापन झालेला असतो. मधल्या वर्षांत काय घडले, कोणी काय सोडले आणि कोणाला काय गिळावे लागले, ते या लेखात पाहू.

युद्धबंदी, तह आणि सलोखा

बातम्यांमध्ये हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, म्हणून ते आधी वेगळे केले पाहिजेत. शेताच्या बांधावरून भांडणाऱ्या दोन शेजाऱ्यांचे उदाहरण घेऊ. गावकऱ्यांनी मध्ये पडून दोघांना काठ्या खाली ठेवायला लावल्या, ती युद्धबंदी. मोजणी झाली, कोर्टाचा निकाल लागला आणि बांध कुठून जातो हे कागदावर ठरले, तो तह. एवढे होऊनही दोन्ही घरची माणसे वर्षानुवर्षे एकमेकांच्या लग्नाकार्याला जात नाहीत, आणि रात्री पाण्याच्या पाळीला निघताना हातात काठी घेतल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाहीत. ज्या रात्री ती काठी घरी राहिली आणि राहिली हे कोणाच्या ध्यानातही आले नाही, त्या रात्री सलोखा झाला असे म्हणता येईल.

म्हणजे सलोखा हे प्रेम नव्हे, क्षमा नव्हे आणि विस्मरण तर मुळीच नव्हे. शेजाऱ्याकडून पुन्हा हल्ला होईल ही शक्यता रोजच्या हिशेबातून निघून जाणे, एवढाच त्याचा या लेखापुरता अर्थ आहे. हा अर्थ फार कोरडा वाटेल, पण फ्रान्स-जर्मनीच्या बाबतीत जे प्रत्यक्ष घडले त्याचे वर्णन करायला तो पुरेसा आहे.

वैर किती खोल होते

1870 साली स्ट्रासबर्गमध्ये जन्मलेल्या एखाद्या मुलाची कल्पना करा. जन्मतः तो फ्रेंच. 1871 मध्ये फ्रान्स युद्ध हरला आणि आल्सास प्रांत व लोरेनचा काही भाग जर्मनीकडे गेला, तेव्हा तो जर्मन झाला. पहिल्या महायुद्धानंतर तो पुन्हा फ्रेंच झाला, 1940 मध्ये हिटलरने हा प्रदेश जर्मनीला जोडल्यावर पुन्हा जर्मन झाला, आणि 1944 च्या अखेरीस शहर मुक्त झाल्यावर पुन्हा फ्रेंच. आपली गल्ली न सोडता या माणसाने पंचाहत्तरीच्या आत चार वेळा देश बदलला, आणि प्रत्येक वेळी शाळेची भाषा, रस्त्यांची नावे आणि खिशातले चलनही बदलले.

तह यापूर्वीही झाले होते, मात्र प्रत्येक तह समोरच्याचे नाक कापण्यासाठी वापरला गेला. 18 जानेवारी 1871 रोजी जर्मन साम्राज्याची घोषणा बर्लिनमध्ये झाली नाही, ती पराभूत फ्रान्सच्या व्हर्साय राजवाड्यातील आरसेमहालात झाली. फ्रान्सने त्याची परतफेड 28 जून 1919 रोजी त्याच महालात जर्मनीला तहावर सही करायला लावून केली. 1918 ची युद्धबंदी काँपिएन्यच्या जंगलात रेल्वेच्या एका डब्यात झाली होती. 1940 मध्ये फ्रान्स हरल्यावर हिटलरने तोच डबा संग्रहालयातून बाहेर काढवून त्याच जागी उभा केला आणि फ्रेंच प्रतिनिधींना त्यात बसवले. पिढ्यानपिढ्या चाललेल्या भाऊबंदकीत जसे प्रत्येक अपमानाचे खाते वेगळे ठेवले जाते, तसे हे चालले होते.

हिशेब केवळ अपमानाचा नव्हता. 1916 मध्ये व्हर्दुनच्या लढाईत दहा महिन्यांत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे 3 लाख सैनिक मेले किंवा बेपत्ता झाले, आणि आघाडीची रेषा जिथून सुरू झाली होती जवळपास तिथेच येऊन थांबली. या वैराची झळ आपल्यालाही लागली आहे. ऑक्टोबर 1914 मध्ये उत्तर फ्रान्समधील नव्ह शापेल या गावावर जर्मनांविरुद्ध चाल करून गेलेल्या तुकड्यांमध्ये खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, दोन कंपन्या होत्या. तिथल्या स्मारकावर ज्यांची कबर सापडली नाही अशा 4,700 हून अधिक भारतीय सैनिकांची व मजुरांची नावे कोरलेली आहेत.

हस्तांदोलन आधीही झाले होते

सलोख्याचा प्रयत्न 1945 नंतर प्रथमच झाला, असा एक समज आहे आणि तो चुकीचा आहे. 1925 च्या लोकार्नो करारात फ्रान्सचे आरिस्तीद ब्रियाँ आणि जर्मनीचे गुस्टाव श्ट्रेसमान या परराष्ट्रमंत्र्यांनी सीमा मान्य करून टाकल्या. पुढच्या वर्षी दोघांना शांततेचे नोबेल मिळाले. दोघांचे हेतू प्रामाणिक होते, आणि तरीही पंधरा वर्षांच्या आत जर्मन रणगाडे पॅरिसमध्ये पोहोचले.

ती मैत्री दोन माणसांच्या खांद्यावर उभी होती. श्ट्रेसमान 1929 मध्ये वारले, ब्रियाँ 1932 मध्ये. ती माणसे गेल्यावर मागे असे काहीच उरले नाही, जे त्यांच्यानंतर येणाऱ्या, मनात द्वेष बाळगणाऱ्या नेत्यालाही पाळावे लागले असते. 1945 नंतरच्या मंडळींनी यातून काय धडा घेतला ते पुढे दिसते.

सुरुवात कोळशापासून

9 मे 1950 रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शुमान यांनी पॅरिसमध्ये एक घोषणा केली. फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी यांचे कोळसा व पोलाद यांचे सारे उत्पादन एका सामाईक अधिकार मंडळाच्या ताब्यात द्यावे आणि इतर देशांनाही त्यात येऊ द्यावे, असा तो प्रस्ताव होता. मूळ कल्पना ज्याँ मोने या नियोजनकाराची होती. शुमान स्वतः त्या स्ट्रासबर्गच्या मुलासारखेच सीमेवरचे अपत्य होते : जन्म लक्झेंबर्गचा, नागरिकत्व जर्मन, शिक्षण जर्मन विद्यापीठांत, आणि पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंच.

कोळसा आणि पोलादच का? तोफ, रणगाडा किंवा युद्धनौका बनवायची तर पोलाद लागते, आणि पोलादासाठी लोहखनिज व कोळसा लागतो. लोहखनिज फ्रान्सच्या लोरेनमध्ये होते, उत्तम कोळसा जर्मनीच्या रूर खोऱ्यात. आता पुन्हा त्या दोन शेजाऱ्यांकडे या. विहीर एकाच्या शेतात आहे आणि वीजजोडणी दुसऱ्याच्या नावावर आहे. दोघांनी मोटार सामाईक केली, तिची किल्ली तिसऱ्याच एका मंडळाकडे ठेवली आणि पाळीचा हिशेब सर्वांसमोर मांडला, तर काय होईल? दोघांपैकी एकालाही चोरून पाणी उपसता येणार नाही, आणि भांडण उकरून काढायचे तर आधी स्वतःचे पीक वाळू द्यावे लागेल.

18 एप्रिल 1951 रोजी फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी या करारावर सह्या केल्या. मंडळाचे निर्णय सदस्य देशांवर बंधनकारक होते, आणि खरे नावीन्य तिथे होते. युद्ध संपून जेमतेम सहा वर्षे झाली होती. सह्या करणाऱ्यांना एकमेकांविषयी जिव्हाळा वाटत होता असे मानण्याचे काही कारण नाही, आणि करारानेही त्यांच्याकडून तो मागितला नव्हता.

'मग हा सलोखा कसला? हा तर व्यवहार झाला'

हा आक्षेप रास्त आहे. फ्रान्सला आपल्या कारखान्यांसाठी रूरचा कोळसा हवाच होता. पश्चिम जर्मनीला विजेत्या राष्ट्रांची देखरेख झुगारून बरोबरीने टेबलाशी बसायचे होते, म्हणून चॅन्सेलर कोनराड आडेनावर यांनी क्षणाचाही विलंब न करता होकार दिला. अमेरिकेला सोव्हिएत संघाविरुद्ध जर्मनी उभा करायचा होता आणि तिचा फ्रान्सवर दबाव होता. प्रत्येकाने आपापली पोळी भाजून घेतली, हे नाकारता येत नाही.

पण व्यवहार आणि सलोखा यांत विरोध आहे, हे गृहीतच मला तपासून पाहावेसे वाटते. त्यासाठी झार प्रदेशाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. कोळशाने समृद्ध असा हा जर्मन भाषिक प्रदेश फ्रान्सने युद्धानंतर जर्मनीपासून वेगळा काढून आपल्या अर्थव्यवस्थेला जोडला होता. तो 'युरोपीय' देखरेखीखाली वेगळा राहावा, अशी तडजोड दोन्ही सरकारांनी ठरवली. 23 ऑक्टोबर 1955 रोजी त्यावर सार्वमत झाले आणि तिथल्या सुमारे दोन-तृतीयांश मतदारांनी ती फेटाळली. 1919 नंतरच्या काळात असा निकाल लागता तर सैन्याची हालचाल सुरू झाली असती. फ्रान्सने या वेळी निकाल मान्य केला आणि 1 जानेवारी 1957 रोजी झार जर्मनीत गेला. कोळसा आधीच सामाईक रांजणात पडलेला असल्यामुळे तो कोणाच्या नकाशात आहे याचे महत्त्व कमी झाले होते. हातची वस्तू न लढता सोडता येणे, ही माझ्या मते या सलोख्याची पहिली खरी परीक्षा होती, आणि ती व्यवहारामुळेच पार पडली.

गावोगावची गाठभेट

सरकारांच्या समांतर आणखी एक प्रवाह वाहत होता, ज्याकडे आपल्याकडील लेखांत फारसे लक्ष दिले जात नाही. युद्धानंतर लाखो जर्मन युद्धकैदी फ्रान्समध्ये शेतांत, खाणींत आणि सुरुंग काढण्याच्या जीवघेण्या कामावर राबत होते. 1947 मध्ये त्यांना घरी जा किंवा पगारी कामगार म्हणून राहा असा पर्याय दिला गेला, तेव्हा लाखाहून अधिक जणांनी काही काळ तिथेच राहणे पसंत केले. ज्या शेतकऱ्याने आधी कैद्याला संशयाने पाहिले, त्याच्याच घरी तो कैदी पुढे पगारी गडी म्हणून राहिला, असे अनेक ठिकाणी घडले.

1950 मध्ये फ्रान्समधील माँबेलियार आणि जर्मनीतील लुडविग्सबुर्ग या दोन शहरांनी एकमेकांशी कायमचे नाते जोडले. माँबेलियारचे महापौर ल्युसियाँ थारादँ हे फ्रेंच प्रतिकार चळवळीत होते आणि बुखेनवाल्डच्या छळछावणीतून जिवंत परतले होते. असा माणूस जर्मन शहराशी नाते जोडायला पुढे होतो, तेव्हा गावातल्या इतरांना नाक मुरडणे अवघड जाते. आज अशा जोडशहरांच्या जोड्या 2,000 हून अधिक आहेत. वाद्यवृंद, फुटबॉल संघ, अग्निशामक दल, शाळकरी मुले यांची ये-जा हे त्यांचे स्वरूप असते, आणि पाहुणा हॉटेलात नाही तर कोणाच्या तरी घरी उतरतो.

भेटण्याची सक्ती

सप्टेंबर 1958 मध्ये फ्रान्सचे नेते शार्ल द गोल यांनी आडेनावर यांना पॅरिसच्या राजप्रासादात न बोलावता कोलोंबे या खेड्यातील आपल्या राहत्या घरी मुक्कामाला बोलावले. द गोल हे पहिल्या महायुद्धात व्हर्दुन येथे जखमी होऊन जर्मनांच्या कैदेत पडले होते आणि दुसऱ्या महायुद्धात त्यांनी जर्मनीविरुद्धच्या लढ्याचे नेतृत्व केले होते. जुलै 1962 मध्ये दोघे रँसच्या कॅथेड्रलमध्ये प्रार्थनेला शेजारी उभे राहिले. त्याच वर्षी 9 सप्टेंबरला द गोल यांनी लुडविग्सबुर्ग येथे जर्मन तरुणांसमोर जर्मन भाषेत भाषण केले.

22 जानेवारी 1963 रोजी दोघांनी एलिझे करारावर सह्या केल्या. मोठ्या अपेक्षेने तो वाचायला घेणाऱ्याची निराशाच होते. त्यात माफी नाही, युद्धातील मृतांचा हिशेब नाही, आणि इतिहासावर भाष्य जवळपास नाहीच. आहे ते वेळापत्रक : राष्ट्रप्रमुख व सरकारप्रमुखांनी वर्षातून किमान दोनदा भेटावे, परराष्ट्रमंत्र्यांनी आणि संरक्षणमंत्र्यांनी दर तीन महिन्यांनी, सेनाप्रमुखांनी दर दोन महिन्यांनी.

हा कोरडेपणा मुद्दाम ठेवलेला होता, आणि तो समजायला आपली भिशी उपयोगी पडेल. भिशीतल्या दोघींचे आपसांत बिनसले, तरी महिन्याच्या ठरलेल्या तारखेला दोघींनाही यावेच लागते, कारण पैसे अडकलेले असतात. आल्यावर चहा होतो, चार शब्द बोलले जातात आणि रुसवा फार ताणता येत नाही. 'मन झाले की भेटू' असे ठरले असते, तर पहिल्याच भांडणात भिशी मोडली असती. लोकार्नोनंतर मैत्री माणसांवर अवलंबून होती; एलिझेनंतर ती तारखांवर सोपवली गेली. दोन्ही नेत्यांचे लवकरच बिनसले, हेही सांगितले पाहिजे. त्याच वर्षी जर्मन संसदेने अमेरिकेशी व नाटोशी असलेली बांधिलकी अधोरेखित करणारी प्रस्तावना कराराला जोडली आणि द गोल कमालीचे नाराज झाले. तारखा मात्र चुकल्या नाहीत.

याच करारातून जुलै 1963 मध्ये फ्रेंच-जर्मन युवा कार्यालय उभे राहिले, आणि आजवर 90 लाखांहून अधिक तरुण त्याच्या कार्यक्रमांतून दुसऱ्या देशात जाऊन आले आहेत. पाठ्यपुस्तकांवर काम तर त्याआधीच सुरू झाले होते : 1951 मध्ये दोन्ही देशांच्या इतिहासकारांनी एकत्र बसून इतिहासातल्या वादग्रस्त मुद्द्यांवर शाळांत काय शिकवावे याच्या शिफारशी तयार केल्या. पुढे 2006 पासून दोन्ही देशांसाठी एकच इतिहासाचे पुस्तक तीन खंडांत निघाले. त्याचे कौतुक फार झाले, पण ते वापरणाऱ्या शाळा थोड्याच निघाल्या.

'आणि न्यायाचे काय?'

या साऱ्या गोष्टीतला सर्वांत कठीण प्रश्न हा आहे, आणि सलोख्याच्या गोडगोड वर्णनांत तो वगळला जातो.

10 जून 1944 रोजी एसएस या नाझी दलाच्या एका तुकडीने मध्य फ्रान्समधील ओरादूर-सुर-ग्लान हे गाव घेरले. पुरुषांना कोठारांत नेऊन गोळ्या घातल्या, बायकामुलांना चर्चमध्ये कोंडून ते पेटवून दिले. 643 माणसे मेली. ते जळके गाव आजही तसेच राखून ठेवले आहे. 1953 मध्ये बोर्दो येथे खटला उभा राहिला तेव्हा आरोपींच्या पिंजऱ्यात 21 जण होते, आणि त्यांपैकी 14 जण आल्सासचे, म्हणजे फ्रेंच नागरिक निघाले. 1942 पासून जर्मनांनी आल्सास व मोझेल (लोरेनचा एक भाग) येथील सुमारे 1,30,000 तरुणांना सक्तीने आपल्या सैन्यात भरती केले होते. त्यांना फ्रेंचमध्ये 'माल्ग्रे-नू', म्हणजे 'आमच्या मनाविरुद्ध' असे म्हणतात. चौदांपैकी एक वगळता बाकीचे असेच सक्तीने भरती झालेले होते.

शिक्षा झाली आणि आल्सास खवळले. काही दिवसांतच फ्रेंच संसदेने सक्तीने भरती झालेल्यांना माफी देणारा कायदा केला, आणि मग ओरादूर खवळले. गावाने सरकारने दिलेले मानचिन्ह परत केले, सरकारी प्रतिनिधींना स्मृतिदिनाला येऊ दिले नाही आणि माफीच्या बाजूने मत देणाऱ्या खासदारांची नावे फलकावर लिहून ती लोकांसमोर ठेवली. ज्या तुकडीने हे केले तिचा सेनापती हाइन्झ लामरडिंग याला फ्रान्समध्ये दुसऱ्या एका हत्याकांडासाठी गैरहजेरीत फाशीची शिक्षा झाली होती. तो पश्चिम जर्मनीत मोकळा राहिला आणि 1971 मध्ये वारला. या साऱ्या काळात दोन सरकारांमधील मैत्री उत्तम चालली होती.

असे कसे झाले? जर्मन राज्यघटना आपल्या नागरिकाला परदेशाच्या हवाली करू देत नव्हती, आणि युद्धोत्तर करारांनुसार ज्यांच्यावर फ्रान्समध्ये खटला चालला होता त्यांच्यावर जर्मन न्यायालयांना पुन्हा खटला चालवता येत नव्हता. दोन्ही दारे बंद झाल्यामुळे पॅरिसमधील गेस्टापोचा, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचा, एक प्रमुख कुर्ट लिश्का हा कोलोनमध्ये निवांत राहत होता. फ्रान्समधून सुमारे 76,000 ज्यूंना मृत्युछावण्यांकडे पाठवण्यात आले, त्या कामाशी त्याचा थेट संबंध होता.

हे दार उघडले ते सरकारांनी नव्हे, तर एका दांपत्याने. सर्ज क्लार्सफेल्ड यांच्या वडिलांना फ्रान्समधून आउश्वित्झला पाठवून मारण्यात आले होते. त्यांची पत्नी बेआटे ही बर्लिनची जर्मन. बेआटे वर उल्लेखलेल्या त्याच युवा कार्यालयात नोकरीला होत्या. जर्मनीचे तेव्हाचे चॅन्सेलर कुर्ट गेओर्ग कीसिंगर हे 1933 पासून नाझी पक्षाचे सदस्य होते आणि युद्धकाळात नभोवाणी प्रचाराच्या कामात होते, असे लेख त्यांनी लिहिले, आणि 1967 मध्ये त्यांना नोकरीवरून काढण्यात आले. 7 नोव्हेंबर 1968 रोजी कीसिंगर यांच्या ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षाच्या बर्लिनमधील अधिवेशनात बेआटे यांनी त्यांच्या सर्वांदेखत थोबाडीत मारली. मैत्रीसाठी स्थापन झालेल्या संस्थेला भूतकाळ उकरणारी कर्मचारी नको होती, ही गोष्ट त्या काळच्या सलोख्याविषयी बरेच काही सांगते.

1971 मध्ये दोन्ही देशांनी या कायदेशीर अडथळ्यावर करार केला, त्याला जर्मन संसदेची मंजुरी मिळायला 1975 उजाडले, आणि फेब्रुवारी 1980 मध्ये कोलोनच्या न्यायालयाने लिश्का व त्याच्या दोन साथीदारांना तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. फ्रान्सलाही स्वतःच्या घरात बघायला वेळ लागला : ज्यूंची धरपकड फ्रेंच पोलिसांनी केली होती आणि त्याची जबाबदारी फ्रेंच राज्याची आहे, हे अध्यक्ष झाक शिराक यांनी जुलै 1995 मध्ये मान्य केले. ओरादूरला पाऊल ठेवणारे पहिले जर्मन अध्यक्ष योआखिम गाउक हे 2013 मध्ये तिथे आले. हत्याकांडाला तेव्हा एकोणसत्तर वर्षे झाली होती.

आधी न्याय की आधी सलोखा, या वादात फ्रान्स आणि जर्मनी यांनी प्रत्यक्षात सलोखा आधी निवडला आणि न्यायाला थांबायला लावले. त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांना कोणी विचारले नव्हते. तसे करणे बरोबर होते का, याचे उत्तर ओरादूरच्या वाचलेल्या माणसाला एक सुचेल आणि 1950 मध्ये विशीत असलेल्या, तिसरे युद्ध न पाहता म्हातारा झालेल्या माणसाला दुसरे.

योगायोगाने लुडविग्सबुर्ग या एकाच लहान शहरात या गोष्टीच्या दोन्ही बाजू नांदतात. पहिले जोडशहर हेच, द गोल यांचे भाषण इथलेच, आणि नाझी गुन्ह्यांच्या तपासासाठी पश्चिम जर्मनीने 1958 मध्ये उघडलेले मध्यवर्ती कार्यालयही इथेच आहे.

ते प्रसिद्ध छायाचित्र

22 सप्टेंबर 1984 रोजी फ्रान्सचे अध्यक्ष फ्राँस्वा मितराँ आणि जर्मनीचे चॅन्सेलर हेल्मुट कोल व्हर्दुनजवळच्या दुओमाँ येथे हातात हात घेऊन उभे राहिले. तिथल्या अस्थिगृहात ओळख न पटलेल्या सुमारे 1,30,000 फ्रेंच व जर्मन सैनिकांच्या अस्थी एकत्र ठेवलेल्या आहेत. कोल यांचे वडील व्हर्दुनच्या परिसरात लढले होते, मितराँ 1940 मध्ये व्हर्दुनजवळच जखमी होऊन कैद झाले होते. सलोखा म्हटले की सगळीकडे हेच छायाचित्र छापले जाते. ते हृद्य आहे, यात शंका नाही. पण ते शुमान यांच्या घोषणेनंतर चौतीस वर्षांनी आणि एलिझेनंतर एकवीस वर्षांनी काढलेले आहे, हे ते छापणारे सांगत नाहीत. 1950 मध्ये असे हात धरले असते तर दोघांनाही आपापल्या देशात तोंड दाखवणे कठीण झाले असते.

'सोव्हिएत संघाची भीती होती म्हणून जमले'

यात तथ्य आहे. समान शत्रू समोर उभा असला की जुनी भांडणे मागे पडतात. शिवाय 1945 मध्ये जर्मनीचा संपूर्ण पराभव झाला होता, देश दुभंगला होता आणि न्युरेंबर्गमध्ये प्रमुख गुन्हेगारांवर खटले चालले होते. 'आम्ही हरलोच नव्हतो' असे म्हणायला पहिल्या महायुद्धानंतर होती तशी जागा उरली नव्हती.

पण या आक्षेपाची कसोटी 1989 मध्ये लागली. बर्लिनची भिंत पडली, भीतीचे कारण ओसरू लागले, आणि 28 नोव्हेंबरला कोल यांनी जर्मनीच्या एकीकरणाचा दहा कलमी कार्यक्रम मितराँ यांना आधी न सांगताच जाहीर केला. मितराँ अस्वस्थ झाले. हातात हात घेतलेले ते छायाचित्र तेव्हा पाच वर्षांचे होते, आणि तरी 'मोठा जर्मनी' म्हटल्यावर पॅरिसमध्ये जुन्या आठवणी जाग्या झाल्याच. उत्तर मात्र जुन्या सवयीचेच निघाले : जर्मनीने आपले लाडके चलन, मार्क, सोडून सामाईक चलनात यावे. युरोची योजना आधीपासून शिजत होती, एकीकरणामुळे तिला निकड आली, आणि 1992 च्या मास्ट्रिख्ट करारात ती पक्की झाली. म्हणजे पुन्हा सामाईक मोटार, फक्त या वेळी कोळशाच्या जागी पैसा.

दुसरीकडे हेच का जमले नाही

जपान आणि दक्षिण कोरिया यांनी 1965 मध्ये करार केला. जपानने 30 कोटी डॉलरचे अनुदान आणि 20 कोटी डॉलरचे कर्ज दिले, आणि सर्व दावे कायमचे मिटले असे लिहिले गेले. दोघेही अमेरिकेचे मित्र, दोघांचाही शत्रू समान, व्यापारही भरपूर. तरी 2018 मध्ये कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने युद्धकाळातील वेठबिगारीबद्दल जपानी कंपन्यांना भरपाई द्यायला लावली आणि संबंध पुन्हा पेटले. कागद होता, पैसा होता. दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारी सामाईक संस्था आणि सामान्य माणसांच्या घरोघरच्या गाठीभेटी यांचे ते जाळे नव्हते. शिवाय कोरिया जपानची वसाहत राहिलेला होता, आणि फ्रान्स-जर्मनी मात्र आळीपाळीने जिंकलेले व हरलेले होते. बरोबरीच्या शत्रूशी समेट करणे तुलनेने सोपे असते, असे मला वाटते.

पोलंडचे उदाहरण वेगळ्याच दिशेने जाते. तिथे भावनेचे पाऊल आधी पडले. 1965 मध्ये पोलंडच्या बिशपांनी जर्मन बिशपांना पत्र लिहून क्षमा केली आणि मागितलीही. 7 डिसेंबर 1970 रोजी चॅन्सेलर विली ब्रांट वॉर्सातील ज्यू वस्तीच्या उठावाच्या स्मारकासमोर गुडघे टेकून बसले. जगाने वाहवा केली, पण तेव्हाच्या एका जर्मन जनमत चाचणीत 48 टक्के लोकांना ते अतिरेकी वाटले आणि 41 टक्क्यांना योग्य. पोलंडसाठीचे युवा कार्यालय, फ्रेंच कार्यालयाच्याच धर्तीवर, निघायला 1991 साल उजाडले. 2022 मध्ये पोलंडच्या सरकारने जर्मनीकडे युद्धाची प्रचंड नुकसानभरपाई मागितली. फ्रान्सच्या बाबतीत अशी मागणी आज कल्पनेतही येत नाही.

आज काय स्थिती आहे

22 जानेवारी 2019 रोजी आखेन येथे दोन्ही देशांनी एलिझेला पुढे नेणारा नवा करार केला. सही होण्याआधी फ्रान्समध्ये समाजमाध्यमांवर अफवा उठली की आल्सास जर्मनीला विकले जात आहे. करारात तसे काही नव्हते, पण अफवेला दीडशे वर्षांपूर्वीचाच प्रदेश आठवला. 2020 च्या मार्चमध्ये करोनामुळे जर्मनीने सीमा बंद केली, तेव्हा सीमेवरच्या काही जर्मन गावांत फ्रेंच कामगारांना शिवीगाळ झाली आणि जर्मन परराष्ट्रमंत्र्यांना त्याचा जाहीर निषेध करावा लागला. त्याच आठवड्यांत आल्सासच्या भरून गेलेल्या रुग्णालयांतील रुग्णांना जर्मन रुग्णालयांत खाटा मिळत होत्या.

सीमा जूनमध्ये उघडली आणि स्ट्रासबर्गची ट्राम पुन्हा ऱ्हाइन ओलांडून जर्मनीतील केल या गावाला जाऊ लागली. ही सेवा 2017 मध्ये सुरू झाली. पुलाच्या मध्यावर देश बदलतो, तिकीट बदलत नाही. स्ट्रासबर्गहून तिने पलीकडे जाणारे कितीतरी प्रवासी स्वस्त सिगारेटी आणि साबण-शाम्पू घ्यायला निघालेले असतात.